काढलेल्या चाळीस ओळी

नणंद-भावजयीचं पटतं असं सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना काहीतरी चटकदार ऐकायचं असतं. आमचं नुसतं पटत नाही, तर आम्ही दोघी मिळून एक कंपनी चालवतो हे कळल्यावर ते विषयच बदलतात. कंपनी म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, तिच्यामागे ओटा आणि गॅस एवढंच मावेल असा बोळ, दोन टेबलं, चार खुर्च्या, त्यातल्या एकीला टेकायचं नाही, आणि खिडकीत एक कुंडी. कुंडीला पाणी मी घालायचं असं ठरलंय, घालतो दादा. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, वहिनीचा नवरा. तो निवृत्त आहे. वरच्या मजल्यावरच्या घरातून दिवसातून दोनदा खाली येतो आणि आमच्या दोघींच्या मध्ये कधीही पडत नाही. सुखी माणूस आहे.

वहिनी एकोणसाठ वर्षांची, मी सत्तेचाळीसची. एरवी ती मला ‘अगं बाई’ नाहीतर ‘ए शहाणे’ म्हणते. पण चिडली की एकदम ‘वन्सं’ म्हणते आणि अहो-जाहो सुरू करते. तिच्या तोंडून ‘वन्सं, जरा इकडे येता का?’ असं आलं की दादासुद्धा कुंडीतली माती उकरायचा थांबतो. इतक्या वर्षांत मी तिची पाच-सहा वेळाच वन्सं झाले असेन. त्यातली शेवटची वेळ सांगायची आहे.

आम्ही मोबाइलची ॲप लिहितो. खेळ नाहीत, खरेदी नाही; हाताने काम करणाऱ्या माणसांना लागतात तसली साधी. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी. त्यांचं ॲप वहिनीने अकरा वर्षांपूर्वी एकटीने लिहिलं, जावा नावाच्या भाषेत. भाषा म्हणजे फोनला काम सांगायची भाषा. अशा ढिगाने आहेत, आणि प्रत्येकीचे भक्त आहेत, आणि भक्तांची आपसात भांडणं आहेत. वहिनी कुणाची भक्त नाही. तिला जावा येत होती, तिने जावात लिहिलं, आणि ते अकरा वर्षं बिनबोभाट चाललं.

ते ॲप काय करतं हे कळायला आधी एक खड्डा बघावा लागेल. लिफ्टच्या खाली, इमारतीच्या तळाशी, एक खड्डा असतो. मेकॅनिक त्यात उतरतो तेव्हा वर टांगलेली लिफ्ट हलून चालणार नाही, एवढं कुणालाही समजेल. म्हणून उतरण्याआधी तो मेन स्विच पाडतो आणि त्याला स्वतःचं कुलूप लावतो. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, किल्ली एकच, आणि ती त्याच्याच खिशात. कुलपाला पत्र्याची पाटी असते: ‘माणूस आत आहे’. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एकदा एक जण कुलूप काढायला विसरून घरी गेला. इमारतीतली माणसं सामान घेऊन सात-सात मजले चढत होती, शिव्या देत होती, तरी कुलपाला कुणी हात लावला नाही. त्यालाच जेवणावरून उठवून परत आणलं. आमच्या ॲपमध्ये या कुलपाची नोंद होते: कुणी लावलं, कधी लावलं, कधी काढलं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या जोडीदारालाही कळतं की अमक्या लिफ्टखाली माणूस आहे.

हे सगळं आम्हाला फोरमनने शिकवलं. फोरमन म्हणजे तिथल्या बारा मेकॅनिकांचा मुख्य. पन्नाशी ओलांडलेला, दारातून आडवा होऊन आत यावा असा देह, आवाज मात्र इतका हळू की आपणही हळू बोलायला लागतो. तो वहिनीला ‘मोठ्या मॅडम’ म्हणतो आणि मला ‘धाकट्या मॅडम’. सत्तेचाळिसाव्या वर्षी धाकटी म्हणू नका, असं मी त्याला दोनदा सांगून पाहिलं. तो हो म्हणतो आणि धाकट्या मॅडम म्हणतो.

तो आमच्या खोलीत आला आणि टेकायचं नाही त्या खुर्चीवर न टेकता बसला.

“मोठ्या मॅडम, आमच्यातल्या पाच जणांनी आयफोन घेतलेत,” तो म्हणाला. “तुमचं ॲप त्यांच्यावर चालत नाही. ते कागदावर लिहितात. कागद खड्ड्यात भिजतो.”

“आणि उरलेले सात?” वहिनीने विचारलं.

“त्यांचं चालतं. पण नवीन फोनांवर रुसतं मधूनमधून. नवीन करा आता. बाराही जणांना चाललं पाहिजे.”

तो गेल्यावर आम्ही भिंतीवरच्या फळ्यासमोर उभ्या राहिलो. रस्ते दोनच होते. एक म्हणजे दोन वेगळी ॲप लिहायची. अँड्रॉइडचं वहिनीने लिहायचं. जावातून कॉटलिन या नव्या भाषेत जाणं तिला जड नव्हतं, दोन्ही एका घरातल्याच. आयफोनचं मी, स्विफ्ट नावाची भाषा शिकून. यात फोनच्या प्रत्येक अवयवाशी थेट बोलता येतं, पण जे काही करायचं ते दोनदा करावं लागतं. दुसरा रस्ता डार्टचा. एकच भाषा, एकदाच लिहायचं, दोन्ही तऱ्हेच्या फोनांवर चालवायचं. मध्ये एक जास्तीचा थर येतो, त्याचे लाड करावे लागतात, पण काम निम्म्यावर येतं. डार्ट मला येते. वहिनीला येत नाही.

“डार्ट घेतली तर मी काय करू गं?” चष्मा पुसत वहिनी म्हणाली. “झाडाला पाणी घालू?”

“ते दादाचं काम आहे.”

आम्ही हसलो. पण चष्मा स्वच्छ झाल्यावरही ती पुसत राहिली, आणि मी काही दुधखुळी नाही. दोन दिवसांनी दादाने कुंडीत पाणी घालता घालता, माझ्याकडे न बघता, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मध्ये तोंड घातलं. “ती म्हणतेय, पुढचं काम धाकटीचं. नवीन भाषा घेतली तर आता खाली येणं बंद करीन म्हणते.” एवढं बोलून तो डबा घेऊन वर गेला.

लोकांना वाटतं, भावजय एकोणसाठाव्या वर्षी घरी बसते म्हणते तर बसू द्यावं. त्यांना आमचं जेवणाचं टेबल माहीत नाही. मी सत्तावीस वर्षांची असताना माझं लग्न मोडलं आणि मी एका बॅगेनिशी भावाकडे आले. वहिनी तेव्हा घरी बसून एका छापखान्यासाठी प्रोग्रॅम लिहायची. तिने मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, “रडून झालं की इकडे ये,” आणि जेवणाच्या टेबलावर एक रेघांची वही उघडून ठेवली. तिथे मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. तिची शिकवायची रीत अशी की ती चूक कधीच दाखवायची नाही. वही बघायची, म्हणायची, “यात एक चूक आहे. शोध,” आणि आत जाऊन भाजी चिरायला घ्यायची. विळीचा आवाज चालू असायचा. मला चूक सापडली आणि मी ओरडले की तो आवाज क्षणभर थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. शाबास ती एकदाही म्हणाली नाही. मी माणसांत आले ती त्या टेबलामुळे, त्या बाईमुळे. तिच्याशिवाय त्या खोलीत सकाळी येऊन बसायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

आमच्याकडे भाषा निवडायची एक पद्धत आहे, तीही वहिनीचीच. आपण आपसात वाद घालायचे नाहीत. ॲपचा एकच पडदा, म्हणजे स्क्रीन, दोन्ही भाषांत लिहायचा, दोन फोनांवर घालायचा आणि जो वापरणार त्याच्या हातात द्यायचा. तो वापरत असताना लिहिणारीने हात पाठीमागे बांधायचे आणि तोंड बंद ठेवायचं. इथे दाबा, तिथे बघा, असं काहीही सांगायचं नाही. या दिवसाला आम्ही नमुन्याचा दिवस म्हणतो. वहिनीने तिचा नमुना कॉटलिनमध्ये लिहिला, मी माझा डार्टमध्ये.

माझा सोमवारीच झाला. चांगला झाला. वाईट असं की फारच चांगला झाला. खड्ड्यात नेटवर्क नसतं. तिथे नोंद आधी फोनवरच ठेवायची, नेटवर्क आलं की पाठवायची, आणि खालून ताजी बातमी आली नसेल तर वरच्या माणसाला ‘खात्री नाही, खाली विचारा’ असं दाखवायचं. हे सगळं माझ्या चाळीस ओळींत बसलं होतं. मी ते चालवून बघितलं आणि मला कळलं की फोरमन हेच उचलणार.

मंगळवारी वहिनी दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना मी त्या चाळीस ओळी काढून टाकल्या.

इतकं साधं होतं ते. खड्ड्यात माझा नमुना अडखळेल, तिचा चालेल, फोरमन तिचा घेईल, ती खाली येत राहील. कुणाचं नुकसान नाही, असा हिशेब मी मनाशी केला. बदल साठवताना ‘का केला’ याचं एक वाक्य लिहायचं असतं, तेही मी सवयीने लिहिलं: ‘सोपं केलं’. मग बोळात जाऊन चहा केला. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

गुरुवारी सकाळी आम्ही फोरमनने सांगितलेल्या इमारतीत गेलो. सहा मजले, खाली तळघर. तळघरात एक पिवळा दिवा, सायकली, रंगाचे रिकामे डबे, आणि कोनाड्यात लिफ्टचा मेन स्विच. फोरमनचा जोडीदार, एक उंच मेकॅनिक, दुसरा फोन घेऊन सहाव्या मजल्यावर गेला. आम्ही दोघी भिंतीला लागून हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलो.

आधी वहिनीचा नमुना. फोरमनने स्विच पाडला, कुलूप लावलं, पाटी अडकवली, फोनवर बटण दाबलं. पडद्यावर आलं: ‘नोंद फोनवर ठेवली. अजून पोहोचली नाही.’ तो मान हलवून खड्ड्यात उतरला, दोन मिनिटांनी वर आला. वरच्याने जिन्यातून ओरडून सांगितलं, “खात्री नाही म्हणतंय! खाली विचारा म्हणतंय!”

“बरोबर म्हणतंय,” फोरमन म्हणाला. वहिनी समोरच्या सायकलीकडे बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. खूश झाली की होतात.

मग माझा. फोरमनने पुन्हा सगळं केलं. बटण दाबलं. पडद्यावर गोल चकली फिरायला लागली. तो थांबला. पुन्हा दाबलं. ती फिरतच राहिली. मी जमिनीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, झालं, एवढंच, आता फोन परत दे. पण ती माणसं कामाची. त्याने फोन खिशात टाकला आणि तो खड्ड्यात उतरला.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. उंच मेकॅनिक खाली आला, हातात फोन. “मोकळी दाखवतंय,” असं म्हणत तो सरळ कोनाड्याकडे वळला. “झालं वाटतं काम. स्विच टाकतो.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या चाळीस ओळींबरोबर मी ‘खात्री नाही’सुद्धा काढलं होतं. ते गेल्यावर मागे काय उरतं, हे बघितलंच नव्हतं. कुलपाची नोंद आली नसेल तर माझा पडदा म्हणत होता: लिफ्ट मोकळी. खाली माणूस होता.

“थांबा!” मी किंचाळले. नमुन्याच्या दिवशी आजवर आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

तो आधीच थांबला होता. त्याचा हात कुलपाला लागला होता आणि तो पाटी वाचत होता. त्याने हात मागे घेतला. खड्ड्याच्या काठावर, आमच्या गुडघ्यांच्या उंचीला, फोरमनचं डोकं वर आलं.

“मी आत आहे,” तो नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला.

तो वर आला, चिंधीला हात पुसले, स्वतःच्या किल्लीने स्वतःचं कुलूप काढलं. माझा चेहरा बघून त्यालाच माझी दया आली. “घाबरू नका, धाकट्या मॅडम. फोनच्या भरवशावर आम्ही उतरत नाही. लोखंडाच्या भरवशावर उतरतो.” दोन्ही नमुन्यांपुढे शेरा लिहायला दिलेला आमचा कागद त्याच्या हातात होता. वहिनीच्या नमुन्यापुढे त्याने लिहिलं, ‘चांगला’. माझ्यापुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘परत दाखवा’.

परतताना दोन बाजार ओलांडले, एक पूल ओलांडला, वहिनी आपली पिशवी छातीशी धरून चालत होती. मी म्हटलं, काहीतरी राहून गेलं माझं. ती “हं” म्हणाली. जेवायला वर गेलो तर दादाने आमच्याकडे एकदा बघितलं आणि मीठसुद्धा स्वतः उठून घेतलं.

जेवणानंतर मी खाली आले तेव्हा ती माझ्या आधी येऊन बसली होती.

“वन्सं, जरा इकडे येता का?”

खिडकीबाहेर दादाचा पाण्याचा डबा दिसत होता. तो हळूच दिसेनासा झाला.

आमच्या धंद्यात खोडलेलं काहीच नाहीसं होत नाही. कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या ओळी काढल्या, सगळं नोंदून राहतं. हे मीच नवीन लोकांना शिकवते. आणि मीच विसरले होते. वहिनीच्या पडद्यावर माझा नमुना उघडा होता. मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं. चाळीस ओळी लाल रंगात, आणि वर माझं वाक्य.

“सोपं केलं,” तिने मोठ्याने वाचलं. “कुणासाठी, वन्सं?”

मी लाल ओळी पुन्हा वाचायला लागले.

“मी विचारतेय तुम्हाला. कुणासाठी सोपं केलंत?”

“तुझ्यासाठी.”

“अस्सं. म्हणजे मी जिंकावं म्हणून तुम्ही हरलात.”

“तू खाली यायचं बंद करणार होतीस,” मी म्हटलं. “मला तुला ठेवून घ्यायचं होतं.”

“ठेवून घ्यायला मी फुलदाणी आहे का?”

“वहिनी, नमुना होता तो. खरं ॲप नव्हतं. कुलूप होतं तिथे.”

“कुलूप होतं. त्या माणसाने लावलेलं. आपण काय लावलं?” ती उठली, खिडकीपाशी गेली, कुंडीतलं एक पान उगाचच तोडलं. वळली तेव्हा राग उतरला होता आणि जे उरलं होतं ते मला जास्त लागलं. “वीस वर्षांपूर्वी तू वही घेऊन बसायचीस. डोळे सुजलेले असायचे तुझे. मला येत नव्हती का दया? एकदा तरी चूक लपवून तुला पास केलं मी?”

“नाही.”

“मी म्हातारी होत नव्हते गं. मला नुसती भीती वाटत होती. आज त्या तळघरात तू मला म्हातारी केलंस.”

ती वर निघून गेली. मी टेकायचं नाही त्या खुर्चीवर बसले आणि भरपूर रडले. मग डोळे पुसून त्या चाळीस ओळी परत आणल्या. अर्धं मिनिट लागलं. ‘का’ म्हणून विचारलं तिथे खरं कारण लिहिलं: ‘मी मुद्दाम काढल्या होत्या. चूक होती.’ ते वाक्य अजून तिथे आहे, पुढेही राहील.

पुढच्या मंगळवारी त्याच तळघरात दुसरा नमुन्याचा दिवस झाला. सुरुवात करण्याआधी मी फोरमनला सगळं सांगितलं, मुद्दाम काढल्याचंही. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आमच्याकडे असं केलं तर कुलूप काढून घेतात, धाकट्या मॅडम.” एवढंच. त्या दिवशी दोन्ही नमुने चालले. फोरमनने दोन्हींपुढे ‘चांगला’ लिहिलं आणि कागद पुढे करून म्हणाला, “आता तुम्हीच ठरवा.”

वहिनीने पाच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. आता ती फोरमनकडे वळली. “तुमचा एखादा नियम बदलतो तेव्हा काय करता?”

“वर्षातून दोन-तीनदा बदलतो. सकाळी सगळ्यांना उभं करून सांगतो. बाराही जणांना एकदम.”

“सात जणांना आज आणि पाच जणांना पुढच्या आठवड्यात सांगितलं तर?”

“मग तो आठवडा मी झोपणार नाही, मोठ्या मॅडम. एकाच खड्ड्यावर दोन जण दोन नियमांनी काम करतील.”

“दोन ॲप लिहिली तर तसंच होणार. एक आधी तयार होतं, दुसरं मागे राहतं. आम्ही दोघीच आहोत.” तिने कागदावर स्वतःच्या नमुन्यापुढचं ‘चांगला’ एकदा वाचलं, कागदाची घडी केली आणि पिशवीत टाकली. “एकदाच लिहायचं. डार्ट.”

तिने ते इतक्या सहज म्हटलं की फोरमनला काही विशेष वाटलं नाही. त्याने कुलूप पिशवीत टाकलं. मला मात्र जिना चढताना पायऱ्या दिसत नव्हत्या.

“जुनं ॲप मी बंद करीन, वेळ येईल तेव्हा,” मी मागून म्हटलं. “नोंदी हलवणं वगैरे किचकट आहे. तू कशाला—”

“ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं,” ती न वळता म्हणाली. “अकरा वर्षं ऐकतेयस ना?”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, ती आपलं काम आवरून, जुन्याला नीट कडी घालून, वर निघून जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिची खुर्ची रिकामी होती. वहिनी नऊला येते. पावणेनऊला आली तर मला घड्याळ बिघडलंय असं वाटतं. साडेनऊ झाले. दादा आला, पाणी घालून गेला, मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दहा झाले. मी पडद्याकडे बघत बसले होते आणि एक अक्षर वाचत नव्हते.

सव्वादहाला ती आली. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात रेघांची वही. डोळे लाल होते. जागरणाने की कशाने, मी विचारलं नाही.

“पहाटेपासून जेवणाच्या टेबलावर बसलेय,” ती म्हणाली. “तुझ्या दादाला तिथे ताट ठेवायला जागा नाही. एक पडदा लिहिलाय. डार्टमध्ये. बघ.”

तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. हात पाठीमागे बांधलेले.

मी वाचलं. तोच कुलपाचा पडदा. थोडा अवघडलेला, ठिकठिकाणी जावाची वळणं, पण विचार तिचा, स्वच्छ. आणि मध्यावर एक चूक. नोंद फोनवर ठेवायला सांगितली होती, पण ठेवून होईपर्यंत थांबायला सांगितलं नव्हतं. तो एक शब्द राहिला होता. त्यामुळे नोंद ठेवली गेली की नाही हे न बघताच पडदा ‘ठेवली’ म्हणून मोकळा होत होता. जावातून आलेला माणूस डार्टमध्ये पहिल्यांदा हमखास इथेच पडतो. मीही पडले होते.

एक शब्द. ती खिडकीतून बाहेर बघत होती. माझं बोट तिथे जाऊन पोहोचलंसुद्धा. घातला असता आणि म्हटलं असतं, वा वहिनी, एकदम बरोबर. तिचे कान लाल झाले असते.

मी हात मांडीवर घेतला.

“वहिनी,” मी म्हटलं. “यात एक चूक आहे.”

पाठ ताठ झाली. “कुठे?”

“शोध.”

मी उठून बोळात गेले, भांड्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग वहीचं पान उलटलं. मग पुन्हा काहीच नाही, इतका वेळ की पाणी उकळायला लागलं आणि त्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येईना. मी गॅस बंद केला आणि हातात चमचा धरून उभी राहिले.

“ए शहाणे!” बाहेरून आवाज आला. “हे थांबतच नाहीये कुठे, पुढेच पळतंय!”

मी शाबास म्हटलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही. मी गॅस परत पेटवला आणि दोघींचा चहा टाकला.